फरशीने उंच केलेली मुलं

आमच्या शाळेच्या मागच्या अंगणात एका खोलीचं बालकेंद्र आहे. मधल्या सुट्टीत चहाचा कप घेऊन मी त्याच्या पायरीवर बसत असे, ती सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. केंद्र चालवणारी बाई माझ्याहून चौदा वर्षांनी लहान, म्हणून मी तिच्याशी एकेरीत बोलते. मुलं आणि त्यांच्या आया तिला 'ताई' म्हणतात. पाठीमागे मात्र सगळी वस्ती तिला 'फूटपट्टी' म्हणते, आणि हे तिला ठाऊक आहे.

नाव अगदीच वाईट नाही. ती उभी राहते सरळ, चालते सरळ, बोलते तर त्याहून सरळ. 'साधारण', 'अंदाजे', 'असेल की' हे शब्द तिच्यासमोर उच्चारायची सोय नाही. एखादी आई म्हणाली, "ताई, पोराला दोन-तीन दिवस जुलाब होतायत," की ही विचारणार, "दोन की तीन?" आणि उत्तर येईपर्यंत पेन हातात धरून बसणार.

दर तीन महिन्यांनी केंद्रात मुलांचं वजन आणि उंची घेतात. इतर केंद्रांत तो अर्ध्या तासाचा खेळ असतो. हिच्याकडे दोन दिवस लागतात. उंची मोजायला भिंतीवर एक जिराफ रंगवलेला आहे आणि त्याच्या शेजारी खुरांपासून वर सेंटिमीटरचे आकडे. मूल चपला काढून भिंतीला टेकून उभं राहतं आणि बाकीची पोरं तालावर ओरडतात, "टाचा! पोटऱ्या! ढुंगण! खांदे! डोकं!" पाचही गोष्टी भिंतीला लागल्या की ताई डोक्यावर काटकोनी लाकडी गुण्या ठेवते, गुडघ्यावर बसून आकडा वाचते, गुण्या काढते, पुन्हा ठेवते, पुन्हा वाचते. दोन्ही आकडे जुळले तरच वहीत. 'ढुंगण' या शब्दावर पोरं दर वेळी नव्याने हसतात, आणि ती दर वेळी ते हसू ओसरेपर्यंत थांबते, कारण हसताना माणूस आखडतो असं तिचं म्हणणं.

दोन वर्षांवरची बेचाळीस मुलं आहेत. दीड वर्षापूर्वी त्यांतली एकोणीस वयाच्या मानाने ठेंगणी होती. ठेंगणी म्हणजे आईबाप बुटके म्हणून नव्हे. लहानपणी पोटात पुरेसं गेलं नाही आणि जे गेलं ते जुलाबांनी टिकू दिलं नाही, म्हणून. तेव्हा सरकारची एक योजना आली. ज्या केंद्रात चारात एकापेक्षा जास्त मुलं ठेंगणी, तिथे प्रत्येक मुलाला रोजच्या गरम जेवणासोबत एक उकडलेलं अंडं. योजना चांगली होती, हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी चिडणार आहे.

अंडी यायच्या आधीपासून ताई आणखी एक गोष्ट मागत होती, ती म्हणजे नळ. केंद्रात पाणी पिंपातून येतं, पिंप टँकरवरून भरतं, आणि टँकर त्याच्या मर्जीने येतो. उन्हाळ्यात पिंपाच्या तळाशी जे उरतं त्याला पाणी म्हणायला मन धजत नाही. खाल्लेलं अंगी लागायचं तर आधी पाणी धड हवं, एवढं साधं गणित घालून तिने सात वर्षांत नऊ अर्ज केले. दहाव्या अर्जाला तरी काहीतरी येईल असं मी चेष्टेने म्हणत असे.

आलं. फरशी आली.

एके सोमवारी ट्रॅक्टर भरून टाइल्स उतरल्या. ताई बाहेर येऊन विचारते, "नळ कुठाय?" ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "बाई, नळाचं हेड वेगळं, फरशीचं हेड वेगळं. फरशीचे पैसे मार्चच्या आत संपवायचेत. तुम्ही नशीबवान."

"पण जमीन चांगली आहे की! सिमेंटची आहे, धुता येते."

"आता आणखी चांगली धुता येईल."

"कशाने धुऊ?"

त्याला घाई होती. पाच दिवसांत जुन्या जमिनीवर वाळूसिमेंटचा थर घालून वर पांढऱ्या टाइल्स बसवून झाल्या. मुलं दोन दिवस घसरली, मग शिकली. केंद्रात स्वयंपाक करणारी मावशी, जिच्या तोंडाला कुलूप नाही, ती म्हणाली, "आरशासारखी आहे हो. आता पोरांना आपली उपाशी तोंडं खालीसुद्धा दिसतील."

त्यानंतर महिन्याभराने मोजणी आली, आणि चमत्कार झाला. मुलं वाढली होती. नेहमी तीन महिन्यांत मूल दीड-दोन सेंटिमीटर वाढलं तरी ताई खूश असायची. या वेळी कोणी साडेपाच, कोणी सहा. तिने प्रत्येकाला दोनदा मोजलं, काहींना तीनदा. आकडे जुळत होते. ठेंगण्या मुलांची संख्या एकोणिसावरून सातावर आली. त्या दिवशी ती पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसली आणि चक्क माझ्या कपातला चहा प्यायली. "बाई," ती मला म्हणाली, "अंडं एवढं काम करतं हो? आपण उगीच इतकी वर्षं भाषणं देत बसलो."

कार्यालयात हे आकडे गेल्यावर तिथे संगणकावर नोंदी चढवणारी मुलगी, तिला सगळे ऑपरेटरच म्हणतात, तिने फोन करून सांगितलं, "ताई, तुमची पोरं उंच झालीत, पण मशीन आता त्यांना बारीक दाखवतंय. वजनं तेवढीच आहेत ना." ताईने हे साहेबांच्या कानावर घातलं. पोषण विभागाचे आमचे साहेब म्हणजे वाईट माणूस नाही, पण त्यांना कागदावरचा आनंद फार लवकर होतो. ते म्हणाले, "उंच माणूस बारीक दिसतोच. माझ्या मेव्हण्याला बघा."

पंधरा दिवसांत ताईला प्रशस्तिपत्र मिळालं, 'आदर्श केंद्र' असं सोनेरी अक्षरांत छापलेलं. आणि त्याच लिफाफ्यात दुसरं पत्र होतं. केंद्रातल्या ठेंगण्या मुलांचं प्रमाण चारात एकाच्या खाली आलं असल्याने अंडी योजनेचा लाभ येत्या एक तारखेपासून बंद होईल, आणि तो साठा शेजारच्या गरजू केंद्राकडे वळवला जाईल. अभिनंदन.

तिने ते पत्र मला वाचायला दिलं. मी दोनदा वाचलं. शिक्षिका म्हणून मी खूप अजब कारभार पाहिले आहेत, पण मूल पास झालं म्हणून त्याचं पुस्तक काढून घेतलेलं पाहिलं नव्हतं.

दुपारी आयांना सांगावंच लागलं. वस्तीच्या तोंडाशी कपड्यांना इस्त्री करून देणारी एक बाई आहे. तिची साडेतीन वर्षांची मुलगी केंद्रात येते. इतकी बारकी, की सगळे तिला 'चिमणी' म्हणतात. वर्षभरापूर्वी चिमणी जिना चढताना मध्ये बसून दम घ्यायची. आता ती केंद्राला फेऱ्या मारायची आणि कोणी पकडायला गेलं की चावायची. तिची आई म्हणाली, "म्हणजे आमची पोर जरा ताठ उभी राहिली, एवढाच गुन्हा झाला का ताई?"

"गुन्हा नाही गं. नियम आहे."

"मग तुम्ही दोन बोटं कमी लिहायची होती! बाजाराकडच्या केंद्रात सगळं अंदाजे लिहितात, त्यांच्या अंड्यांना काही झालं नाही."

"मी खोटं लिहीत नाही."

"नका लिहू. तुमचं खरं आमच्या पोरांना उकडून घाला."

ताई रात्री जेवली नाही. हे मला तिच्या नवऱ्याने सांगितलं. तो टेलर आहे. केंद्रातल्या मुलांचे निळे सदरे आणि फ्रॉक दर वर्षी तोच शिवतो, आणि स्वभावाने बायकोच्या अगदी उलट. ती फूटपट्टी, तर हा कापडाचा टेप, कसाही वळणारा. त्या संध्याकाळी काय बोलणं झालं ते दोघांनी मला वेगवेगळं सांगितलं, आणि फरक एवढाच की प्रत्येकाच्या सांगण्यात ओरडत होता तो दुसरा.

तो शिलाईयंत्रावर बसल्या बसल्या म्हणाला, "अगं, एक विचारू? तुझी पोरं वाढली म्हणतेस, किती वाढली?"

"पाच, साडेपाच, सहा."

"सगळी?"

"सगळी."

"मग माझे फ्रॉक आखूड का नाही झाले?"

"म्हणजे?"

"चिमणीचा फ्रॉक मी गुडघ्याखाली दोन बोटं शिवला होता, वाढत्या अंगाचा म्हणून. आज सकाळी ती माझ्या दुकानावरून धावत गेली. फ्रॉक अजून गुडघ्याखालीच होता. पोर सहा सेंटिमीटर वाढली तर ती कुठे वाढली? मानेत?"

"तुम्हाला काय कळतं मापातलं!"

हे वाक्य टेलरला बोलायला नको होतं. त्याने गळ्यातला टेप काढून तिच्यासमोर ठेवला आणि पुन्हा यंत्र सुरू केलं.

सकाळी उजाडताच तिने केंद्र उघडलं. मी दूध आणायला निघाले होते, मला दार उघडं दिसलं. ही भिंतीपाशी जमिनीवर बसलेली, हातात नवऱ्याचा टेप. टेपचं एक टोक फरशीवर, दुसरं जिराफाच्या मानेवर. टेप म्हणत होता शहाण्णव. भिंत म्हणत होती शंभर.

मी खाली वाकून पाहिलं. भिंतीवरचे आकडे फरशीला जिथे टेकत होते तिथे पहिला आकडा होता चार. शून्य, एक, दोन, तीन वाळूसिमेंटच्या थरात गाडले गेले होते. चार सेंटिमीटर उंचीचं मूल कोणी आणत नाही, त्यामुळे खालचे आकडे बघायचं कोणाला कधी कारणच पडलं नव्हतं. जिराफाचे खूरही गेले होते. चिमणी फरशी बसल्यापासून सगळ्यांना सांगत होती की जिराफ चिखलात रुतलाय, आणि आम्ही कौतुकाने हसत होतो.

"दोन-दोनदा मोजलं मी," ती म्हणाली. "दोन-दोनदा चूक मोजलं."

"तुझी कसली चूक? फरशी तू बसवलीस का?"

"बाई, मूल तीन महिन्यांत सहा सेंटिमीटर वाढत नाही. मला हे माहीत आहे. अठरा वर्षं माहीत आहे. पण मला ते खरं हवं होतं, म्हणून मी विचारलंच नाही." मग टेप गुंडाळत, "आणि सगळीच्या सगळी सारखी कशी वाढतील? पोरं आहेत, पलटण आहे का?"

दोन दिवसांत तिने टेप लावून बेचाळीस मुलं पुन्हा मोजली. ठेंगणी निघाली सतरा. म्हणजे अंडी सुरू झाल्यापासून एकोणिसाची सतरा. चमत्कार गेला, पण जे उरलं ते खरं होतं. दोन मुलं रेषेच्या वर आली होती, बाकीचीही थोडी थोडी वर सरकत होती. अंडं काम करत होतं, अंड्याच्या गतीने. एक तारखेला बारा दिवस उरले होते.

ती कार्यालयात गेली. मीही सोबत गेले, कारण मला वाटलं दोन पांढऱ्या केसांचा उपयोग होईल. झाला नाही.

ऑपरेटरने चिमणीचं नाव काढलं, ताईने सांगितलेली उंची टाकली. पडद्यावर लाल पट्टी आली.

"घेत नाही, ताई."

"का?"

"'उंची मागील नोंदीपेक्षा कमी असू शकत नाही.' पोरं कमी होत नाहीत ना."

"पोरं कमी झालेली नाहीत. आकडा कमी झालाय."

"मशीनला तेवढं कळत नाही."

"मग मशीनला सांग ना, मागची नोंद चुकली होती."

"सांगायला खिडकी नाहीये. जास्त टाका, घेईल. दोनशे टाकलं तरी घेईल, मी एकदा चुकून टाकलं होतं."

ती मुलगी मनाने चांगली. इकडेतिकडे बघत हळूच म्हणाली, "एक करता येईल. सगळ्या पोरांचं स्थलांतर दाखवा. बेचाळीस जण गाव सोडून गेले. दुसऱ्या दिवशी बेचाळीस नवीन आले. नवीन माणसाची उंची काहीही असू शकते."

"आणि त्यांच्या लशी?"

"त्या जुन्या पोरांच्या नावावर राहतील."

"म्हणजे नवीन पोरांना पुन्हा पहिल्यापासून सुया?"

ऑपरेटरने मान डोलावली. खरी उंची लिहायला आधी बेचाळीस खोटी प्रस्थानं लिहायची आणि वर पोरांना पुन्हा टोचायचं! मला तिथेच मोठ्याने हसू आलं असतं, पण ताईचा चेहरा पाहून आवरलं.

साहेबांनी चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, तुम्ही आदर्श केंद्र आहात."

"नाही साहेब. आमची फरशी जाड आहे."

"असं करा, सहा महिने थांबा. मुलं वाढतातच. सहा महिन्यांत ती खरोखर तेवढी होतील, नोंद आपोआप खरी होईल. कोणाला काही कळणार नाही."

"वयही वाढेल ना साहेब. वयाच्या मानाने ती ठेंगणीच राहतील. आणि ते सहा महिने अंड्याविना?"

"आधी अंड्याविनाच होती की."

"आधी एकोणीस ठेंगणी होती, तेही आधीच होतं."

साहेबांनी कपाळ चोळलं. "हे बघा, वरून मोठ्या मॅडम येतायत, पुढच्या बुधवारी. खास तुमचं केंद्र बघायला. यादीत तुमचं नाव मी पाठवलंय. त्यांच्यासमोर फरशीचा विषय काढू नका. माझी विनंती समजा."

ताईने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाली, "बरं. फरशीबद्दल मी एक शब्द बोलणार नाही."

परतताना मी चिडले. एवढं सगळं करून शेवटी हो म्हणालीस? ती म्हणाली, "शब्द दिलाय तो पाळेन."

बुधवारी मोठ्या मॅडम आल्या. मागे साहेब, साहेबांच्या मागे फायली. मुलं निळ्या कपड्यांत ओळीने बसली होती. मॅडम कमी बोलणाऱ्या होत्या, मुलांच्या ताटात डोकावत होत्या, पिंपाचं झाकण उघडून वास घेत होत्या. मला त्या बऱ्या वाटल्या. त्यांनी विचारलं, "उंची कशी मोजता? दाखवा बघू."

ताई म्हणाली, "दाखवते ना. पण मुलांचं रोजचंच आहे, ती लाजणार नाहीत. मोठं माणूस उभं राहिलं तर पद्धत जास्त नीट दिसेल. साहेब, येता?"

साहेब खुशीत पुढे आले. बूट काढायला लावले तेव्हा जरा कमी खुशीत. एका मोज्याला भोक होतं. बेचाळीस पोरांनी सूर धरला.

"टाचा!"

साहेबांनी टाचा भिंतीला लावल्या.

"पोटऱ्या! ढुंगण!"

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम छताकडे पाहत होत्या.

"साहेब, लागलं नाही," ताई शांतपणे म्हणाली. "मधे हात जातोय. टेकवा."

"ढुंगण!" पोरं पुन्हा ओरडली, दुप्पट आनंदाने.

खांदे झाले, डोकं झालं. ताई स्टुलावर चढली, गुण्या ठेवला, वाचला, काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा वाचला.

"एकशे एकाहत्तर."

"काय?" साहेब म्हणाले. क्षणभर त्यांचा चेहरा उजळला, ते मी शपथेवर सांगेन. मग म्हणाले, "नाही, नाही. मी एकशे सदुसष्ट आहे. कॉलेजपासून."

"दोनदा वाचलंय साहेब."

"अहो, लायसन्सवर आहे, वैद्यकीय तपासणीत आहे. एकशे सदुसष्ट."

"मग आमच्याकडे आल्यावर वाढलात," ताई म्हणाली. "आमच्याकडे सगळेच वाढतात."

मॅडम आता छताकडे पाहत नव्हत्या. त्यांची नजर साहेबांच्या डोक्यावरून खाली खाली येत मोज्याच्या भोकापर्यंत आली आणि तिथून भिंतीवर. त्या वाकल्या. "हा पहिला आकडा चार आहे. शून्य कुठाय?"

ताईने तोंड घट्ट मिटलं. शब्द दिला होता. पण मावशीने कोणाला काही दिलेलं नव्हतं. तिने दारातून, हातातला झारा तसाच धरून सांगितलं, "गाडलंय ते मॅडम. फरशीखाली. नळ मागितला होता, तर जमीन उचलून दिली. पोरं तेवढीच आहेत. आणि आता म्हणे अंडीही काढणार."

पुढचा अर्धा तास मी सविस्तर सांगत नाही, साहेबांना नातवंडं आहेत. मॅडमनी बूट घालेपर्यंत त्यांना काही विचारलं नाही, एवढी सभ्यता त्यांच्यापाशी होती. मग ताईची टेपने केलेली मोजणी त्यांनी ओळ न ओळ वाचली आणि विचारलं, "ही आम्हाला पाठवली का नाहीत?" ताईने लाल पट्टीचं सांगितलं. स्थलांतराचं ऐकताना मॅडमनी डोळे मिटून घेतले.

जाता जाता ताई म्हणाली, "मॅडम, एक विचारू का? समजा आकडे खरे असते. समजा खरोखर सातच राहिली असती. तरी अंडी का काढायची? ताप उतरायला लागला की आपण औषध बंद करतो का?"

मॅडम म्हणाल्या, "अंडी मोजकी आहेत, बाई. तुमच्यापेक्षा वाईट अवस्थेतली केंद्रं रांगेत आहेत."

"मग अंडी वाढवा. रांग कशाला हलवता?"

मॅडमनी पेन काढून तो प्रश्न टिपून घेतला. "मी लिहीन," एवढंच म्हणाल्या.

त्यांनी लिहिलंही असावं. कारण वरच्या कार्यालयातून कोणीतरी मशीनचं कुलूप काढायला तयार झालं, फक्त एका तासासाठी, शुक्रवारी अकरा ते बारा. ताई आकडे वाचत होती, ऑपरेटर टाकत होती, मी खुणा करत होते. बाराला चार मिनिटं कमी असताना बेचाळिसावं मूल आपल्या खऱ्या उंचीवर उतरलं. सतरा ठेंगणी, चारात एकाहून जास्त. नियमानुसार अंडी चालू राहायला हवीत.

प्रशस्तिपत्र परत न्यायला शिपाई सोमवारी सकाळी आला, पोच घेऊन. सरकारी काम इतकं झटपट झालेलं मी पहिल्यांदा पाहिलं. ताईने ते चौकटीसकट दिलं आणि भिंतीवरचा खिळा उपटून टाकला, मुलांना लागेल म्हणून. पेंटर येऊन आकडे आणि जिराफ नव्याने रंगवून गेला. जिराफ आता चार सेंटिमीटरने वर सरकला आहे.

अंड्यांचं पत्र मात्र एक तारीख उलटून अकरा दिवसांनी आलं. तोवर अकरा दिवस ताटात अंडं नव्हतं, आणि इस्त्रीवाली रोज दुपारी दारात येऊन ताटात डोकावून, एक शब्द न बोलता निघून जायची. ताई म्हणाली, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पत्रात लिहिलं होतं की या केंद्राची पात्रता फेरतपासणीत मान्य करण्यात येत आहे. तथापि सदर साठा आदेशानुसार शेजारच्या केंद्राकडे आधीच वळवला गेला असल्याने आणि अतिरिक्त साठा उपलब्ध नसल्याने, उपलब्ध अंडी दोन्ही केंद्रांत समप्रमाणात वाटण्यात यावीत.

मी विचारलं, "म्हणजे काय?"

"म्हणजे अर्धं," ताई म्हणाली. "प्रत्येक पोराला अर्धं अंडं."

शेजारच्या केंद्राच्या बाईंनी फोन केला. बिचाऱ्या रडकुंडीला आल्या होत्या. "ताई, मी तुमचं काढून घेतलं असं नका हो समजू. माझ्याकडे तेवीस ठेंगणी आहेत."

"तुझी तेवीस काय, माझी सतरा काय, सगळी आपलीच. तू घे. एक दिवसाआड पूर्ण अंडं देऊ या का? एक दिवस तुझ्याकडे, एक दिवस माझ्याकडे?"

"मी विचारलं. चालत नाही म्हणाले. मशीन रोजची नोंद मागतं."

आता रोज सकाळी केंद्रात एकवीस अंडी उकडतात. ताई नवऱ्याकडून आणलेल्या दोऱ्याने प्रत्येकाचे बरोबर दोन भाग करते. सुरीने कापलं तर पिवळं सुरीलाच चिकटून जातं. पहिल्या दिवशी मोठं भांडण झालं, कारण उकडताना पिवळं एका बाजूला सरकलेलं होतं. चिमणीच्या वाट्याला नुसतं पांढरं आलं आणि शेजारच्या मुलाला सगळं पिवळं, आणि चिमणीने न्याय आपल्या दातांनी मिळवला. तेव्हापासून मावशी अंडी उकळत असताना पातेलं सारखं ढवळते, म्हणजे पिवळं मधोमध राहतं. हात भरून येतो तिचा. "सरकारने अर्धी कोंबडी शोधली असती तर एवढा त्रास नव्हता," असं ती पातेल्याला ऐकवते.

गेल्या आठवड्यात ताईने नवा अर्ज लिहिला. मला वाचायला दिला, शुद्धलेखन तपासायला. विषयाच्या ओळीत होतं, 'प्रत्येक मुलामागे उरलेल्या अर्ध्या अंड्याबाबत.' खाली बेचाळीस नावं, प्रत्येकापुढे जन्मतारीख, उंची, वजन, आणि शेवटच्या रकान्यात सगळ्यांपुढे एकच आकडा, अर्धा. मी एकही दुरुस्ती केली नाही. साहेबांनी तो घेतला, म्हणाले, "बाई, अर्धं तरी मिळतंय ना?"

"हो साहेब. म्हणूनच अर्ध्याचाच अर्ज केलाय."

या गुरुवारी ती चौकशीला गेली होती. उत्तर नाही. पुढच्या गुरुवारी पुन्हा जाईल. केंद्रात परतली तेव्हा मावशी चुलीपाशी हात थांबवून विचारत होती, "काय म्हणाले?"

"काही नाही," ताई म्हणाली, पदर खोचला, दोरा शोधला. "तुम्ही ढवळत राहा."